मुलांचा वाटा

दुपारच्या सुट्टीची घंटा होते. मुले हातपाय धुऊन शाळेच्या पडवीत ओळीने बसतात आणि प्रत्येकाच्या ताटात खिचडी, वरणभात किंवा उसळ वाढली जाते. महाराष्ट्रातील हजारो शाळांतून हे दृश्य नित्य दिसते. इतके नित्य की, त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. तथापि, मुलांनो, आज आपण त्या ताटाविषयी एक साधा प्रश्न विचारणार आहोत. हे अन्न तुम्हांला कोण देते, आणि कोणत्या नात्याने देते?

एखादा सधन गृहस्थ सणाच्या दिवशी गावातील मुलांना जेवू घालतो, ते दान होय. दान ही थोर गोष्ट आहे. परंतु ते देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. त्याचे मन बदलले किंवा त्याच्या व्यापारात खोट आली, की पुढच्या वर्षी पंगत बसत नाही. आणि ती का बसली नाही, असे विचारण्याचा अधिकार कोणालाच नसतो. शाळेतील ताटाची गोष्ट निराळी आहे. ते ताट आले नाही, तर मुलाची आई मुख्याध्यापकांना, ग्रामपंचायतीला, जिल्हा परिषदेला, आणि वेळ पडली तर न्यायालयातही जाब विचारू शकते. ज्याचा जाब विचारता येतो त्याला हक्क म्हणतात. दान आणि हक्क ह्यांत दिसायला अंतर थोडे. पण उपाशी मुलाच्या दृष्टीने ते फार मोठे आहे.

मुलांना असे हक्क असतात, ही कल्पना जगात फार जुनी नाही. ती कशी जन्मास आली, कायद्यात कशी उतरली, आणि कायद्यातून गावाच्या व राज्याच्या जमाखर्चात तिला कसे उतरावे लागते, ते ह्या पाठात पाहू.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. पुढील पंचवीस वर्षांत गिरण्यांची धुराडी वाढत गेली आणि त्यांच्या भोंग्याबरोबर पुरुष, स्त्रिया व लहान मुलेही कामावर धावू लागली. १८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखान्यांचा कायदा झाला. सात वर्षांखालील मुलाला कारखान्यात ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्या कायद्याने ठरविले. नऊ तास! तुमच्यापैकी जे अकरा-बारा वर्षांचे आहेत त्यांनी क्षणभर डोळे मिटून ह्या आकड्याचा विचार करावा. जे त्या काळी मुलांचे संरक्षण म्हणून गणले गेले ते आज आपल्याला क्रौर्य वाटते. १८९१ साली वयाची ही मर्यादा नऊ वर्षांवर गेली, १९२२ साली बारावर गेली, आणि १९४८ च्या कायद्याने ती चौदावर नेली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने आपल्या २४ व्या अनुच्छेदात हेच वचन कायम केले : चौदा वर्षांखालील कोणत्याही मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा इतर धोक्याच्या कामावर ठेवता येणार नाही. २०१६ सालच्या दुरुस्तीनंतर, शाळेच्या वेळेबाहेर घरच्या कामाला लावलेला हातभार व बालकलाकारांचे काम असे अपवाद सोडले, तर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात राबविणे हा गुन्हा ठरतो.

परंतु १८८१ च्या कायद्याजवळ एक अडचण होती आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. कायदा म्हणे 'सात वर्षे'. पण समोर उभे असलेले मूल सात वर्षांचे की सहा, हे सांगणार कोण? बहुतेक मुलांच्या जन्माची नोंद कोठेच नसे. वय अंदाजाने ठरे, आणि अंदाज जिकडे गरज तिकडे झुके. म्हणून ज्याची मोजदाद नाही त्याचे रक्षण कायद्यालाही करता येत नाही. आज भारतात जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे. मूल जन्मल्यापासून एकवीस दिवसांच्या आत त्याची नोंद विनामूल्य होते. जन्माचा दाखला हा दिसायला कागदाचा एक कपटा. पण शाळेचा प्रवेश, लसीकरण, अल्पवयात होणाऱ्या विवाहापासून संरक्षण, ह्या साऱ्यांच्या दाराची किल्ली त्या कपट्यात असते. सरकारी धोरणाचे पहिले पाऊल मुलाला मोजणे हे होय.

दुसरे पाऊल खर्चाचे. ह्या बाबतीत महाराष्ट्राने फार लवकर एक मोलाचा विचार मांडला. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर आयोग आला असता महात्मा जोतीराव फुले ह्यांनी त्याच्यापुढे आपले निवेदन ठेवले. निदान बारा वर्षे वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. ही मागणी करताना त्यांनी दयेची याचना केली नाही, हिशेब मांडला. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्यांच्या कष्टांतून गोळा होतो, पण शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे त्यांनी दाखवून दिले. ज्यांच्या घामाचा पैसा त्यांच्या मुलांना त्यातला वाटा का नसावा? हा प्रश्न तेव्हा जितका बोचरा होता तितकाच तो आजही आहे. कारण कोणत्याही राज्याचे मुलांवरील प्रेम त्याच्या भाषणांत शोधावयाचे नसते, त्याच्या अंदाजपत्रकात शोधावयाचे असते.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो आपल्या सर्व राज्यात लागू केला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. एवढा पैसा आणावयाचा कोठून, अशीही एक हरकत त्यावर घेण्यात आली, आणि १९१२ साली ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी नामंजूर झाले. पाचच वर्षांनी, १९१७ साली, कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंडही बसविला. अफाट साम्राज्याला जे परवडत नव्हते ते एका लहानशा संस्थानाला परवडले. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. 'पैसा नाही' ह्या उत्तराचा अर्थ पुष्कळदा 'तुमची पाळी अजून आली नाही' असाच असतो.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने सांगितले की, घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत राज्याने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. म्हणजे ही मुदत १९६० साली संपली. त्या वेळी देशातील असंख्य मुले शाळेबाहेरच होती. पण ते मार्गदर्शक तत्त्व होते. त्याचा भंग झाला म्हणून न्यायालयाचे दार ठोठावता येत नव्हते. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली, '२१ क' हा नवा अनुच्छेद आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्याला अनुसरून २००९ साली कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. फुल्यांच्या निवेदनापासून ह्या दिवसापर्यंत १२८ वर्षे गेली. मुलांनो, तुम्ही ज्या बाकावर बसला आहात तो इतक्या लांबून आलेला आहे.

ह्याच सुमारास जगात अन्यत्रही ही कल्पना वाढत होती. १९१८ साली पहिले महायुद्ध थांबले. परंतु जर्मनी व ऑस्ट्रिया ह्या पराभूत देशांची नाकेबंदी उठली नव्हती आणि तेथील मुले अन्नावाचून मरत होती. इंग्लंडमधील एग्लंटाइन जेब ह्या बाईंनी उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या मुलांची चित्रे पत्रकांवर छापून लंडनच्या चौकात वाटली. त्याबद्दल १९१९ साली त्यांच्यावर खटला होऊन त्यांना पाच पौंड दंड झाला. गंमत अशी की, खटला चालविणाऱ्या सरकारी वकिलानेच दंडाएवढी रक्कम त्यांच्या हाती ठेवली. त्याच वर्षी त्यांनी मुलांच्या साहाय्यासाठी एक संस्था उभारली. शत्रूच्या मुलांना जगवावयाचे कशाला, असे पुष्कळांनी विचारले. मुलाला शत्रू नसतो, ही जेबबाईंची श्रद्धा होती. मुलांच्या हक्कांचा एक छोटासा पाच कलमी मसुदा त्यांनी तयार केला आणि १९२४ साली जिनीव्हा येथे राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. पुढे २० नोव्हेंबर १९५९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांचा जाहीरनामा काढला, आणि बरोबर तीस वर्षांनी, २० नोव्हेंबर १९८९ रोजी, बालहक्कांचा करार संमत केला.

जाहीरनामा आणि करार ह्यांतील फरक समजून घ्या. जाहीरनामा म्हणजे मनोदय. करार म्हणजे शब्द देणे. करारावर मान्यतेची मोहोर उठविणाऱ्या राष्ट्राला आपण काय केले ह्याचा अहवाल ठराविक मुदतीने जिनीव्हा येथील समितीपुढे ठेवावा लागतो. भारताने हा करार ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केला. त्यात ५४ कलमे आहेत. पण त्यांचा गाभा चार तत्त्वांत सांगता येतो. कोणत्याही मुलाच्या बाबतीत जात, धर्म, भाषा, लिंग किंवा व्यंग ह्यांवरून भेद करू नये. मुलांसंबंधी निर्णय घेताना त्यांचे हित अग्रभागी ठेवावे. प्रत्येक मुलाला जगण्याचा व वाढण्याचा हक्क आहे. आणि ज्या गोष्टी मुलाच्या आयुष्याशी निगडित आहेत, त्यांत त्याचे म्हणणे त्याच्या वयाचा व समजुतीचा विचार करून ऐकून घ्यावे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ह्या करारापुरती बालक होय.

आता तत्त्वे सांगणे सोपे आणि ती व्यवहारात आणणे अवघड. ते कसे साधते हे पाहण्यासाठी आपण पुन्हा शाळेतील जेवणाकडे वळू. जुन्या मद्रास राज्याचे मुख्यमंत्री के. कामराज ह्यांनी १९५६ साली शाळांतून मध्यान्ह भोजनाची योजना राज्यभर चालू केली. भुकेल्या मुलाला अक्षर दिसत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९८२ साली तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन ह्यांनी ती योजना पुष्कळ विस्तारली. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्व देशासाठी पोषण आहाराची योजना आणली. पण अनेक राज्यांत तिचे स्वरूप निराळे झाले. शिजविलेल्या अन्नाऐवजी, पुरेशी हजेरी लावणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरी नेण्यास मिळू लागले.

वरवर पाहता ह्यात काय बिघडले? धान्य तेच, खर्चही जवळपास तोच. पण तीन किलो तांदूळ घरी गेला म्हणजे तो साऱ्या घराच्या हंड्यात शिजे. घरात सहा माणसे असली तर मुलाच्या वाट्याला सहावा हिस्सा येई, आणि मुलगी असली तर कदाचित तेवढाही नाही. ह्यात आईबापांचा दोष नव्हता; गरिबीचा होता. शिवाय महिन्याच्या एका दिवशी मिळणाऱ्या धान्याने उरलेल्या दिवशी वर्गातील मुलाची भूक कशी भागणार? २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत मुलांना शिजविलेले अन्न दिले जावे. त्यात निदान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत, व ते वर्षातून किमान २०० दिवस मिळावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण कायदेशीर हक्क झाले; आणि शाळेत जेवण मिळाले नाही तर त्याबद्दल अन्नसुरक्षा भत्ता देण्याची जबाबदारी राज्यावर आली. २०२१ पासून ही योजना 'पीएम पोषण' ह्या नावाने चालते. पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने, असे तिचे प्रमाण आहे.

हे आकडे रुक्ष वाटतील. पण हक्क प्रत्यक्षात येतो तो अशाच रुक्ष आकड्यांतून. 'मुलांना पोटभर अन्न मिळावे' ह्या वाक्याने कोणाचे पोट भरत नाही. किती अन्न, कोणी शिजवावयाचे, इंधन कोणाच्या पैशाने आणावयाचे, डाळ आली नाही तर कोणाला विचारावयाचे, ही सर्व उत्तरे लिहून ठेवली म्हणजे मग ते वाक्य ताटात उतरते. ह्या ताटाने आणखीही एक काम केले. सर्व जातींची मुले एका पंगतीला बसू लागली. जेथे कोणाला वेगळे बसविण्याचा प्रयत्न होतो तेथे आता कायद्याचा आधार घेऊन विरोध करता येतो. धान्य घरोघर वाटले असते तर ही पंगत कधी बसलीच नसती. एकच धान्य, पण योजना आखताना मुलाला डोळ्यांसमोर ठेवले की नाही, एवढ्याने केवढा फरक पडला पाहा!

जेथे योजना आखताना मूल डोळ्यांसमोर नसते तेथे काय होते, ह्याचे उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. साखर कारखान्यांनी महाराष्ट्राच्या अनेक भागांत सुबत्ता आणली. रस्ते, शाळा, महाविद्यालये उभी केली. पण त्या साखरेचा ऊस तोडतो कोण? दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या कोरडवाहू भागांतून हजारो कुटुंबे घराला कुलूप लावून बैलगाडीने, ट्रॅक्टरने किंवा ट्रकने ऊसपट्ट्याकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत राबावयाचे असते. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. इतके कोयते कामावर आहेत, असा हिशेब होतो. ह्या हिशेबात मूल कोठेही नसते. ते फडाच्या कडेला कोपीत असते, धाकट्या भावंडाला सांभाळीत असते, वाढे गोळा करीत असते. आणि इकडे गावच्या शाळेतील हजेरीपटावर त्याच्या नावापुढे महिनोन्महिने गैरहजेरी पडत असते. सहामाहीनंतर गेलेले मूल वार्षिक परीक्षेच्या वेळी परतते, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. असे दोन-तीन हंगाम झाले की त्या मुलाच्याच हाती कोयता येतो.

हा प्रश्न ध्यानात आल्यावर त्यावर उपाय निघाले. कारखान्याच्या परिसरात साखरशाळा भरविण्यात आल्या. गावातच हंगामी वसतिगृहे चालू झाली. त्यामुळे आईबाप गेले तरी मूल आजीआजोबांजवळ किंवा नातलगांकडे राहून आपल्याच शाळेत शिकू शकते व त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते. जे मूल बरोबर गेलेच त्याच्यासाठी शिक्षण हमी पत्राची पद्धत निघाली. ते पत्र दाखविले की, जेथे मुक्काम असेल तेथील शाळेने त्याला सामावून घ्यावे. हे उपाय जेथे वेळेवर झाले तेथे मुले शिकली. जेथे वसतिगृहाची मंजुरी कुटुंबे निघून गेल्यावर आली तेथे ती मंजुरी कागदावरच राहिली. दिवाळीला लागणारी गोष्ट संक्रांतीला मिळून उपयोग काय? मुलाचे बालपण आर्थिक वर्षाची वाट पाहत थांबत नाही. मोठ्या माणसाचा रस्ता एक वर्ष उशिरा झाला तरी तो रस्ता त्याच्या कामी येतो. पण सातव्या वर्षी न मिळालेला पहिलीचा वर्ग सतराव्या वर्षी परत मिळत नाही. म्हणून मुलांचे हित अग्रभागी ठेवावे, असे करारात म्हटले आहे.

तेव्हा धरण असो, रस्ता असो, कारखाना असो की बाजारपेठ. प्रत्येक विकासकार्य हाती घेताना काही प्रश्न आधीच विचारले पाहिजेत. ह्या कामाने मुलांचे काय होईल? धरणामुळे गाव उठले तर नव्या वसाहतीत शाळा आधी उभी राहील की घरे झाल्यावर चार वर्षांनी? मजूर बाहेरून आले तर त्यांची लहान मुले दिवसभर कोठे राहतील? महामार्ग शाळेसमोरून गेला तर मुले तो ओलांडतील कशी? हे प्रश्न काम संपल्यावर विचारले तर केवळ हळहळ उरते. आराखड्याच्या वेळी विचारले तर उत्तर मिळते, आणि तेही थोड्या खर्चात. केंद्राच्या अंदाजपत्रकात २००८-०९ पासून बालकांच्या कल्याणासाठी किती रक्कम ठेवली, ते एका वेगळ्या विवरणपत्रात दाखविले जाते. घरात जसे 'धाकट्याच्या पुस्तकांसाठी इतके' असे पैसे बाजूस काढतात, तसाच हा प्रकार आहे. रक्कम वेगळी दाखविली म्हणजे ती कमी झाली की वाढली हे सर्वांना कळते, आणि कळले म्हणजे विचारता येते.

परंतु मोठ्यांनी कितीही विचार केला तरी काही गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटतात. समजा, एका गावाच्या वस्तीपासून शाळा नकाशावर बरोबर एक किलोमीटर आहे. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा शिक्षणहक्काचा नियम आहे. तेव्हा नियम पाळला गेला, असे कचेरीतील अधिकाऱ्याला वाटते. पण वाटेत ओढा आहे. श्रावणात त्याला गुडघाभर पाणी येते आणि आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने गुडघा म्हणजे कंबर. ही गोष्ट नकाशाला ठाऊक नाही. ती त्या मुलाला ठाऊक आहे. तसेच, शाळेत मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे, अशी नोंद वहीत असते. पण त्याच्या दाराला कडी नाही किंवा त्यात पाणी नाही, हे तेथे जाणारी मुलगीच सांगू शकते. तेवढ्या एका कडीपायी सातवीतील मुलगी शाळा सोडते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणूनच मुलांचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे चौथे तत्त्व दाखविण्यापुरते नाही. त्यावाचून आधीची तिन्ही तत्त्वे आंधळी राहतात.

आता ह्याला वाटही आहे. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समितीत पालकांबरोबर विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनाही बसविण्याची तरतूद झाली. ग्रामपंचायती दर वर्षी आपल्या गावाचा विकास आराखडा तयार करतात. त्यासाठी ठरविलेल्या नऊ विषयांत 'बालस्नेही गाव' हा एक विषय आहे. त्यानिमित्ताने बालसभा भरवावी आणि मुलांनी सांगितलेल्या गोष्टी ग्रामसभेपुढे ठेवाव्यात, अशी अपेक्षा आहे. एखाद्या गावात ही सभा मनापासून भरते, एखाद्या गावात तिची केवळ नोंद होते. ती कशी भरावी, हे काही अंशी तुमच्यावरही अवलंबून आहे. आणि एखाद्या मुलावर संकट ओढवले, त्याला कोणी राबवीत असेल, मारहाण करीत असेल, अल्पवयात त्याचा विवाह लावून देत असेल, तर १०९८ ह्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य दूरध्वनी करता येतो. ही सेवा १९९६ साली मुंबईत प्रथम सुरू झाली व पुढे देशभर पसरली.

हक्कांविषयी बोलताना एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. 'आधी चांगले वागा, चांगले गुण मिळवा, मग तुमचे हक्क मागा,' असे काही जण मुलांना सांगतात. चांगले वागावे, कसून अभ्यास करावा, हे खरेच. पण हक्क हे बक्षीस नव्हे. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला जितके अन्न लागते तितकेच शेवटच्या क्रमांकाच्या मुलालाही लागते. खोडकर मुलाला देवीची लस दिली जात असे तेव्हा त्याचे वर्तन कोणी विचारले नाही, आणि आज पोलिओचे थेंब देतानाही कोणी विचारीत नाही. तसेच, आपला हक्क ओळखणे म्हणजे केवळ आपल्या ताटाकडे पाहणे नव्हे. शेजारच्या ताटात काय आहे, पंगतीतली एखादी जागा रिकामी का आहे, आणि जिच्या जागेवर धूळ बसली आहे ती मुलगी कोठे गेली, हे पाहणे हाही त्याचाच भाग आहे.

राज्य म्हणजे एक मोठे एकत्र कुटुंब आहे, असे म्हणतात. एकत्र कुटुंबात कमावत्यांचा आवाज मोठा असतो. लहानांना मत नसते, मिळकत नसते. लोकशाहीतही मुलाला मतदानाचा अधिकार नाही. जो मत देऊ शकत नाही त्याचा वाटा कोणी राखून ठेवला, यावरून त्या घराची खरी पारख होते. तुम्ही उद्या मोठे व्हाल; कोणी सरपंच, कोणी अभियंता, कोणी अधिकारी व्हाल. तुमच्यापुढे आराखडे येतील, रकमांचे तक्ते येतील, सह्यांसाठी कागद येतील. त्या वेळी त्या कागदात जे कोठेच लिहिलेले नाही ते मूल शोधावे, आणि त्याचा वाटा आधी बाजूस काढून मग सही करावी.

शब्दार्थ

जाब : केल्या-न केल्याचे उत्तर, स्पष्टीकरण. मोजदाद : गणना. अंदाजपत्रक : पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा तक्ता. मसुदा : कच्चा लेख. उष्मांक : अन्नातून मिळणारी शक्ती मोजण्याचे परिमाण. उचल : कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. कोपी : उसाच्या फडाजवळची पाचटाची झोपडी. वाढे : उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. आराखडा : कामाची आखणी.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा : (अ) दान व हक्क ह्यांत लेखकाने कोणता भेद सांगितला आहे? (आ) १८८१ चा कायदा पाळण्यात कोणती अडचण होती? (इ) जाहीरनामा आणि करार ह्यांत काय फरक आहे? (ई) उसाच्या फडावर 'एक कोयता' कशाला म्हणतात?

२. घरी दिलेले धान्य आणि शाळेत शिजविलेले अन्न ह्यांची तुलना करून, मुलाच्या दृष्टीने कोणते हितकर आहे व का, ते दहा-बारा ओळींत लिहा.

३. पुढील वाक्यांचा आशय तुमच्या शब्दांत स्पष्ट करा : (अ) मुलाचे बालपण आर्थिक वर्षाची वाट पाहत थांबत नाही. (आ) ही गोष्ट नकाशाला ठाऊक नाही. ती त्या मुलाला ठाऊक आहे.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : जाब विचारणे, दार ठोठावणे, डोळ्यांसमोर ठेवणे, नजरेतून सुटणे.

५. समास ओळखून विग्रह करा : आईबाप, जमाखर्च, महायुद्ध, बालहक्क.

६. उपक्रम : चार-चारांचे गट करा. शाळेला येण्याची आपापली वाट, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि खेळाची जागा ह्यांची पाहणी करा. मोठ्यांच्या लक्षात न आलेल्या ज्या गोष्टी आढळतील त्या लिहून काढा आणि शिक्षकांच्या मदतीने सरपंचांना किंवा नगरसेवकांना एक पत्र लिहा. पत्रात तक्रारीबरोबर उपायही सुचवा.